रोयणीखालची झर

सिद्धीला सातवा महिना सरत आला आणि नेमकं तेव्हाच माझ्या घरातलं पाणी उलटं फिरलं. संडासात बालदी ओतली की ते पाणी खाली जायचं सोडून शेजारच्या न्हाणीघराच्या जाळीतून वर यायचं. मला काही समजेना. पाणी उताराने जातं, एवढी एक गोष्ट तरी या जगात पक्की असेल असं मी धरून चालले होते.

सिद्धी माझी एकुलती एक. वाळपईला दिलीय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्या पार्से गावात कुणी कुणाला सांगत नाही, ते ठरलेलंच असतं. पण जावई विशाल एका रविवारी तिला घेऊन आला, न्हाणीघराच्या दारापर्यंत गेला आणि नाक धरून मागे फिरला. जाताना गाडीत बसून म्हणाला, "आई, ह्या दुरुस्त होयसर मी तिका हय ठेवचंय नाय. तान्ह्या पोराक घेवन ती ह्या घाणीत कशी रवतली?" तो चूक बोलला नव्हता, म्हणून तर मला जास्त राग आला. नवरा गेल्यापासून या घरात मी एकटी असते. दवाखान्यातून निघालेलं नातवंड पहिल्यांदा याच घराच्या उंबरठ्यातून आत यावं, एवढं एकच मागणं माझं उरलं होतं. ते एका तुंबलेल्या पायपीवर अडून बसलं.

गावातल्या गोकुळदास प्लंबरने लांब तार घातली. तार बाहेर आली ती केसांच्या गुंत्यासारखी काळी मुळं घेऊन. "माडाची मुळा," तो म्हणाला. "पायप फुटली आसा. खणूचा लागतला." मग त्याने अंगणाकडे पाहिलं आणि तार गुंडाळायला लागला, कारण कुठे खणावं लागणार ते त्यालाही दिसत होतं.

आमच्या अंगणाच्या बरोबर मध्ये रोयण आहे. बाहेरचे लोक तिला वारूळ म्हणतात. आमच्यासाठी ती सातेरी, साक्षात देवी. माझ्या कमरेहून उंच, तांबडी, सणावाराला हळदकुंकवाने माखलेली. तिच्या बुडाशी कुदळ लावायला अख्ख्या पेडण्यातून एक गडी मिळणार नाही, आणि मिळाला तरी मी लावू देणार नाही. संडासाची पायप घराकडून निघते, तिच्या खालून जाते आणि रस्त्याकडच्या टाकीत पडते. सासऱ्यांनी पायप घातली तेव्हा तिथे रोयण नव्हती, मागाहून वाढली. देवीने नेमकी तीच जागा का निवडावी, हे मी तिला कधी विचारलं नाही.

शिवाय रोयणीच्या पलीकडचं अंगण माझं नाही. ते यशोदाचं. यशोदा माझी धाकटी जाऊ. घर एकच, लांबलचक; वाटणी झाली तेव्हा मध्ये भिंत उभी राहिली. भांडण फणसाच्या झाडावरून सुरू झालं की पितळेच्या घंगाळावरून, ते मला आता नीट आठवत नाही. यशोदाला आठवत असेल, तिला सगळं आठवतं. शेवटी मी रोयणीपाशी उभी राहून ओरडले होते, "आजपासून तुमच्या-आमच्या पाण्याचो थेंब एक होवचो नाय!" आमचे नवरे, अनंत आणि विठू, सख्खे भाऊ, माना खाली घालून उभे होते. दोघेही आता नाहीत. आम्ही दोघी मात्र बोललेलं पाळून आहोत. यशोदाने मागच्या बाजूला आपलं न्हाणीघर केलं, आपली टाकी केली. समोरासमोर आलो की ती रोयणीकडे बघते आणि मी तुळशीकडे.

सिद्धीला ही वाटणी कधी लागू पडली नाही. ती जन्मली तेव्हा तिला तेल लावून न्हाऊ घातलं ते यशोदाने, आणि पुढेही ती पोर दोन्ही दारांतून मांजरासारखी फिरायची. तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावं तर यशोदानेच, हे मीसुद्धा नाकारत नाही. पण नातवंडासाठी मी मांद्र्याची एक बाई सांगून ठेवली होती.

अंगण न खणता पायप दुरुस्त करणारे लोक म्हापशाला आहेत, असं गोकुळदासच म्हणाला. मला ती थाप वाटली. पण विशालचे दर दोन दिवसांनी फोन, आणि फोनमध्ये मागून सिद्धीच्या सासूचा आवाज, "हयच रव मगे, आमका जड नाय." मी म्हापशाला फोन लावला.

आला तो श्रीनाथ. बांद्याचा, तिशीतला, डोक्यावर टोपी, आणि तोंडाला विश्रांती नाही. त्याने न्हाणीघरामागच्या चेंबरचं झाकण काढलं, लांब केबलच्या टोकाला बसवलेला कॅमेरा आत सोडला आणि पडदा आणून माझ्या सोप्यावरच्या मेजावर ठेवला. मी कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसले. आपल्याच घराची आतडी बघायची पाळी आली होती.

"पयली मुळा कापतलंय, पाण्याच्या जोरान," तो सांगू लागला. "मगे राळेत भिजवलेली एक मऊ पिशवी आत घालतलंय. ती फुगवन गरम पाण्यान तापवली काय कडक जाता. जुन्या पायपीच्या पोटात नवी पायप! वरचा गवतसुद्धा हलूचा नाय."

"आणि रोयण?"

"रोयणीक कळूचासुद्धा नाय, मावशे."

पडद्यावर मुळं दिसली, झिपऱ्या सोडल्यासारखी. मग उघडलेला सांधा, वरून गळणारी माती. "हो आता रोयणीखाली इलो," श्रीनाथ म्हणाला, आणि थांबला. पायपीच्या कुशीतून, एका गोल भोकातून, पाणी येत होतं. मी सगळे नळ सकाळीच बंद केले होते. तरी उठून पुन्हा बघून आले. बंदच होते. परत येऊन बसले तर पाणी येतच होतं.

"मावशे, दुसरी लायन जोडलेली आसा काय?"

"नाय."

"पाण्याक फेस आसा." त्याला आवाज चढवून बोलावं लागत होतं, कारण पलीकडे यशोदा कपडे धोपटत होती. "शेजारच्यांची तर नाय मगे?"

"त्यांची टाकी वेगळी," मी म्हटलं. "आमच्या-त्यांच्या पाण्याचो थेंब एक होणा नाय." मी हे अशा सुरात म्हटलं की त्याने टोपी काढली आणि परत घातली.

मी गोंधळले ती खरोखर गोंधळले. नळ बंद, दुसरी लाइन नाही, पाऊस नाही, आणि पाणी आहे. तेव्हा मला सासूबाई आठवल्या. त्या म्हणायच्या की आपल्या अंगणाखाली देवीची झर आहे, म्हणून आपली मागची बाव, म्हणजे विहीर, कधी आटत नाही. मला हायसं वाटलं. म्हणजे पाणी झरीचं! देवीच्या झरीला साबणाचा फेस का यावा, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला खरा, पण मी त्याला आत घेतलं नाही.

श्रीनाथला सांगितलं तर त्याचा चेहरा पडला. "नवी पिशवी बसली काय ह्या भोक बंद जातला. देवीचा पाणी मी बंद करूचंय नाय. तुमी पयलो कौल घेवन येवा."

आमच्याकडे घराची पायरी हलवायची झाली तरी देवीला विचारतात. मी दुसऱ्या दिवशी सातेरीच्या देवळात गेले. गुरवाने मूर्तीला ओल्या कळ्या लावल्या, उजवीकडे आणि डावीकडे. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी हात जोडून विचारलं, "अंगणाखालची झर बंद केली तर चलात मगे?"

कळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. बसून बसून माझे गुडघे आखडले. समईची वात गुरवाने दोनदा सारली. मागे दुसरी माणसं आपापले प्रश्न घेऊन ताटकळत होती. शेवटी गुरवच म्हणाला, "वयनी, सवालात कायतरी अडकला आसा. दुसऱ्या तरेन विचारा."

मला काय अडकलंय ते कळेना. मी म्हटलं, "माझ्या चेडवाचा बाळंतपण माझ्या घरात सुखरूप होतला मगे?" आणि उजवी कळी टपकन पडली. मी कपाळ टेकलं, नारळ दिला आणि वाटेत पदेराकडून गरम पाव घेऊन घरी आले. होय म्हणजे होय. कुठल्या प्रश्नाला होय, याचा विचार करत बसायला मला सवड नव्हती.

काम एका दिवसात झालं. अंगणभर वास सुटला, होडीला फायबर लावतात तेव्हा येतो तसा. पिशवी आत गेली, फुगली, तापली. संध्याकाळी श्रीनाथने पुन्हा कॅमेरा घातला. पायप आतून गुळगुळीत, नव्या वाटीसारखी. भोक होतं तिथे फक्त एक खळी दिसत होती. मी संडासात बालदी ओतली आणि पाणी गेलं, आवाजसुद्धा न करता. मी त्याच पावली विशालला फोन केला. रोयणीवर नवं फूल ठेवलं. वरचं गवतही हललं नव्हतं.

आणि मग यशोदाचं काहीतरी बिघडलं.

ती बावडेवर न्हायला लागली. चांगलं न्हाणीघर असताना बावीजवळ दोन खांबांना जुनं लुगडं बांधायचं आणि त्याच्या आड घमेल्यातून पाणी घेऊन न्हायचं. कपडेही तिथेच धुवायची. भांडी घासलेलं पाणी बालदीत भरून, लांब, काजूच्या झाडांकडे नेऊन ओतायची. या वयात, कमरेवर हात ठेवत. आणि सकाळी उठल्या उठल्या पदर डोक्यावर घेऊन वळणावरच्या प्राजक्ताच्या घरी जायची आणि थोड्या वेळाने परत यायची.

माझ्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, बावीकडचा तेवढा कोपरा दिसतो; तिथून मी हे सगळं बघत होते आणि मला अर्थ लागत नव्हता. व्रत धरलं असावं का? मग प्राजक्ताच्या घरी कुठलं व्रत? की मला दाखवायला चाललंय? तुझ्याकडे म्हापशाची गाडी येते, बघ, मी अजून जुन्या वळणाने राहते, असं? हे मला तिच्या स्वभावाला धरून वाटलं आणि माझ्या अंगाची आग झाली. देवळात कुणी विचारलं तर मी सांगितलं, "तेच्या डोक्यात काय शिरला ता तेकाच ठावक." पण एकदा ती बालदी घेऊन चालताना थांबली, फणसाला टेकली आणि किती तरी वेळ तशीच उभी राहिली. मला जनेल बंद करावंसं वाटलं, पण मी ते केलं नाही.

एका दुपारी विशाल सिद्धीला सोडून गेला. तिची पिशवी, तिची उशी, तिचं वाढलेलं पोट हे सगळं एकदाचं माझ्या घरात आलं, आणि मी इतकी खूश झाले की चहात साखर घालायला विसरले. सिद्धी चहा पिऊन नेहमीसारखी काकीला भेटायला पलीकडे गेली. परत आली ती दारातच उभी राहिली.

"आई, काकीचा न्हाणीघर तुंबला आसा. संडास पण. पाणी वर येवन सुकला आसा, आत पाय ठेवूक येणा नाय."

"मगे ती टाकी साफ करून घेयना कशी?"

"खंयची टाकी?"

"तिची. मागसून आसा ती."

"आई," सिद्धी म्हणाली, "काकीच्या मागसून टाकी खंय आसा? थंय बाव आसा."

मी उठले. वाटणीनंतर पहिल्यांदा घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेले. तिथे बाव होती. बावीजवळ बांधलेलं लुगडं होतं. कढीलिंबाचं झाड, आणि बाकी सगळा उघडा चिरा, कुदळ लावली तर ठिणगी उडेल असा. टाकीचं झाकण नव्हतं, खूण नव्हती, कधी नव्हतीच. इतकी वर्षं मी एका टाकीवर विश्वास ठेवून होते, जी मी एकदाही पाहिलेली नव्हती. न्हाणीघराची पायप भिंतीतून बाहेर पडून जमिनीत शिरली होती, आणि तिचं तोंड अंगणाकडे होतं. रोयणीकडे.

फेस. धोपटण्याचा आवाज. सकाळची प्राजक्ताच्या घरची फेरी. न पडणारी कळी. सगळं एकदम माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. देवीची झर मी बंद केली नव्हती. मी यशोदाचं घर बुजवलं होतं.

ती मागच्या पायरीवर बसली होती. मांडीवर जुनं मऊ लुगडं, आणि ती कात्रीने त्याचे चौकोनी तुकडे करत होती. मला बघून उठली नाही.

"तुझी टाकी खंय आसा?" मी विचारलं. इतक्या वर्षांनंतरचं माझं पहिलं वाक्य हे.

"टाकी करूकच नाय," ती म्हणाली. "चिरो लागलो. आणि बाव जवळ, पंचायतीन परवानगी दिली नाय. तू म्हायेराक गेलेलंस तेव्हा दादांनी आणि ह्यांनी मिळान तुमच्या पायपीक जोडून दिली."

दादा म्हणजे माझे अनंत. जे रोज माझ्या हातचं जेवून, माझ्याच बाजूला बसून, पाण्याचा थेंब एक होऊ देणार नाही हे माझं पालुपद ऐकत होते आणि मान हलवत होते. मला त्यांचा इतका राग आला की ते समोर असते तर मी चार दिवस बोलले नसते. आणि त्या रागातच मला हसूही येत होतं, ते कुठे ठेवावं समजेना.

"तुका ठावक होता?"

"माझ्या न्हाणीचा पाणी खंय जाता ता माका ठावक नसतला?"

"माका कोणी सांगूक नाय."

"तुका कोण सांगतलो? रोयणीकडे उभी रवान आरडलंस ता तू."

"मगे पाणी अडला तेव्हा तरी येवचा होता," मी म्हटलं. "भांडूक तरी येवचा होता. मी भांडले असते, पण कळला असता."

यशोदाने एका तुकड्याची घडी घातली, दुसरा घेतला. "कळला असता तर तुका परत सगळा फोडूचा लागला असता. मगे जावयान सिद्धीक धाडल्यान नसता. बावडेर न्हाल्यान मी मरूचंय नाय, वयनी. पण ता पोर दुसऱ्याच्या घरात न्हाला असता ता माका..." ती कात्री चालवत राहिली.

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, कारण लपवायला जागाच नव्हती. तिथेच तिच्या पायरीवर बसले आणि पदर तोंडाला लावला. ते तुकडे दुपट्यांचे होते, हे मला बसल्यावर दिसलं. एक गठ्ठा आधीच शिवून, धुऊन, घडी करून ठेवलेला होता.

श्रीनाथ दुसऱ्या दिवशी आला. त्याने सगळं ऐकलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. खळी दिसतेय तिथे आतूनच फिरतं पातं घालून भोक परत उघडता येईल, अंगण खणायची गरज नाही, असं म्हणाला. मग हळूच विचारलं, "परत कौल घेवक होयो काय?"

"नको," मी म्हटलं. "देवीन पयल्या फेरेकच सांगितल्यान. मियाच आयकाक नाय."

सोप्यावर पडद्यासमोर सिद्धी बसली, पाय लांब करून. चेंबरपाशी श्रीनाथ. आणि यशोदाच्या न्हाणीघरात, वाटणीनंतर पहिल्यांदा, मी. आम्ही दोघींनी मिळून सकाळीच ते घासून काढलं होतं. जमिनीखालून घरघर आली, थांबली, आणि श्रीनाथ ओरडला, "पाणी सोडा!"

मी तिची बालदी उचलली आणि ओतली. पाणी जाळीपाशी क्षणभर घुटमळलं, गोल फिरलं आणि गेलं. आम्ही दोघी जाळीवर वाकलो. मग अंगण ओलांडून सिद्धीचा आवाज आला, "इला! आई, काकी, इला!"

मी दुसरी बालदी उचलायला वाकले तर यशोदाने माझा हात धरला.

"पुरे. पाणी घालवू नको," ती म्हणाली. "आणि ता मांद्र्याचा बायल सांगितलंस, तेका नको म्हणान कळव. बाळंतिणीचा पाणी हय चुलीर तापतला. तुझ्या गीझराच्या पाण्यान पोराची हाडा भरूची नाय."

गीझर विशालने घेऊन दिलेला, नवा. त्यावर मला बरंच काही बोलता आलं असतं. मी बालदी तिच्या हातात दिली आणि चुलीसाठी लाकडं आणायला माझ्या घरी गेले.